एका कागदावर दोघं

किस्से साठतात कसे, हे मला आजवर कळलेलं नाही. आपण नोकरी करत असतो, चहा पीत असतो, आणि ते आपोआप मागे थर लावत बसतात. माझे तर सांगायचीही सोय नव्हती. घरी नाही, शाळेच्या स्टाफरूममध्ये तर नाहीच. कोल्हापुरात एका पेठेत शिंकलं की दुसऱ्या पेठेतला माणूस सर्दीचं औषध घेऊन हजर होतो. आता इतकी वर्षं गेली, नावं-गावं इकडची तिकडे केली, तेव्हा सांगते.

मी राजारामपुरीत मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. शिरगावे मॅडम म्हणजे मानसोपचाराच्या डॉक्टर, त्यांची मुलगी माझ्या वर्गात. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. एकदा पालकसभा संपल्यावर त्या मागे थांबल्या. पुण्याला कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये त्यांनी एक पद्धत पाहिली होती. नवरा-बायकोचं पटत नसेल तर दोघांपुढं एकच मोठा कागद ठेवायचा, दोघांच्या हातात एकेक रंगीत तेलखडू द्यायचा, आणि बोलायला बंदी. दोघांनी मिळून काहीतरी काढायचं. बोलायचं ते नंतर.

“मला माणसं कळतात, चित्रं कळत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन बसाल का?”

“माझं बरोबर उलटं आहे,” मी म्हणाले.

“मग जमलंच की.”

पहिल्या शनिवारी खडूंची पेटी उघडताना माझे हात गार पडले होते. वर्गभर पोरींना मी एका नजरेत गप्प बसवायचे. इथं दोन मोठी माणसं समोर येणार म्हणून मी खडू दोनदा मोजले. मला वाटायचं, हा घाबरटपणा माझ्या एकटीचाच. हळूहळू कळलं की त्या खोलीत येणारं प्रत्येक माणूस काहीतरी लपवून घाबरलेलं असतं. जे मोठ्यानं ओरडत येतात, ते जास्तच.

*

भीतीची सुरुवात जिन्यापासूनच व्हायची. मॅडमचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर, खाली दातांचे डॉक्टर, आणि जिना त्यांच्याच दारावरून. “डोक्याच्या डॉक्टरकडे गेली” एवढं बाहेर फुटलं तर सुनेला माहेरी धाडतील, धाकट्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न मोडेल, ही काही नुसती कल्पना नव्हती. तसं झालेलं आम्ही पाहिलं होतं. त्यामुळे जो तो घरी एकच सांगून यायचा, “दाताला जाऊन येतो.”

मंगळवार पेठेतलं एक जोडपं असंच बरेच महिने येत होतं. दोघं साधी, एकमेकांशी बोलता बोलता अडकायची. एका शनिवारी कागदावर नुकतं कुठं झाड उगवायला लागलं होतं, आणि खालून आवाज आला. सुनेच्या हातातला हिरवा खडू खाली पडला. सासूबाईंचा आवाज होता. त्यांना संशय आला होता, दोघांचे दात एकदमच कसे किडले म्हणून.

“डॉक्टर, आमच्या पोराचं नि सुनेचं असं चाललंय तरी काय हितं? इतकं महिनं झालं, एक दात काढलेला दिसंना मला.”

वर आम्ही चौघं दाराला कान लावून उभे. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. खालचे डॉक्टर तसे अबोल, आमच्याशी त्यांचं कधी “नमस्कार”पलीकडे बोलणं नाही. पण रोज वर जाणारे पाय त्यांना दिसत असणारच. ते सावकाश म्हणाले,

“आजी, मुळापासून काम आहे. वेळ लागणार.”

*

कागलच्या बाजूचा एक गडी आला होता. उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर होते त्याचे. देह असा, की तो बसला तेव्हा खुर्ची कण्हली. मिशा, जाड मनगट, आवाज पार रस्त्यापर्यंत जाणारा. शेजारी बायको, वाळक्या काटकीसारखी. खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली. मॅडमनी काही विचारलं की ती आधी नवऱ्याच्या भुवईकडे बघायची, आणि मग उत्तर द्यायची. तिला बघून मीही त्याच्या भुवईकडे बघायला लागले.

मी दोघांपुढं कागद पसरला. तिला लाल खडू दिला, त्याला निळा. तो खडूकडे बघत राहिला.

“परीक्षा हाय काय ही?”

“नाही हो.”

“मार्क देणार?”

“नाही.”

“मग बगणार कोण?”

“कुणी नाही. तुम्ही दोघंच.”

त्यानं कागदाला खडू टेकवला आणि तो हात थरथरायला लागला. कागदावर बारीक बारीक निळे ठिपके पडत गेले. कपाळावर घाम. मग त्यानं खाली मान घालूनच सांगितलं. लहानपणी शाळेत त्यानं काढलेला आंबा वांग्यासारखा निघाला होता. मास्तरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला, पोरं हसली, आणि वर बोटांवर पट्टी बसली. त्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर सहीपुरता पेन धरला असेल तेवढाच.

बोलायला बंदी होती. पण बायकोनं ती मोडली. त्याच्या त्या हलणाऱ्या हाताकडे ती इतका वेळ बघत होती, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

“भिऊ नगासा. हितं कोण मारत न्हाई.”

मॅडमनी तिला विचारलं, “तुम्हाला असं कधी कुणी म्हटलंय?”

तिनं सवयीनं त्याच्या भुवईकडे बघितलं. पण उत्तर त्यानंच दिलं.

“म्या न्हाई म्हटलं कधी,” तो म्हणाला.

*

गडहिंग्लजकडचं एक व्यापारी घर होतं. लिंगायत मंडळी, भुसार मालाचं दुकान, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच वाक्यात. लग्नाला बरीच वर्षं झालेली, तरी नवरा-बायको एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. बरोबर त्याची आई. तिला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वा दोघांच्या मध्ये बसली. मॅडमनी फार गोडीनं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण दार उघडं ठेवायच्या अटीवर.

“घर काढा,” मी सांगितलं.

त्यानं भिंती काढल्या. तिनं छप्पर काढलं. बाहेरून आवाज, “सैपाकघर मोठं काढा म्हणावं.” दोघांचे खांदे एकदम आत गेले, पावसात कोंबडी बसते तसे. तिनं स्वयंपाकघर काढलं. “देव्हारा कुठं हाय?” त्यानं देव्हारा काढला. मी बघत होते, सांगितलेलं सगळं दोघं मुकाट्यानं काढत होते आणि एकमेकांच्या बोटांना बोट लागू देत नव्हते.

मग कोपऱ्यात तिनं एक लहानशी खोली काढली. अव्वानं न सांगितलेली. त्या खोलीला दार काढलं आणि ती थांबली, घाबरून त्याच्याकडे बघितलं. त्यानं आपला खडू हळूच पुढं आणला, आणि दाराला आतून लावायची कडी काढली.

तेवढ्यात अव्वा उठून आत आलीच. “एन इदु? काय काढलंय बघू.”

दोघांनी एकाच वेळी हात पुढं केले. तिचा पंजा दारावर, त्याचा पंजा तिच्या पंजावर. खाली कडी झाकलेली.

“काही नाही अव्वा,” तो म्हणाला. हात मात्र उचलला नाही.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “आजचं सेशन संपलं,” त्या म्हणाल्या.

*

सगळ्यांचं गोड झालं असं समजू नका. एक सुशिक्षित जोडपं यायचं. दोघं बँकेत, वेगवेगळ्या शाखांत. इतकी नम्र भांडणं मी आयुष्यात ऐकली नाहीत. पहिल्याच दिवशी त्यानं फाईलची कड धरून कागदाच्या मधोमध काळी रेघ मारली, म्हणजे कुणाचा गोंधळ नको. आपल्या बाजूला त्यानं डोंगर, सूर्य, नदी, सगळं व्यवस्थित काढलं. तिनं तिच्या बाजूला काहीच काढलं नाही. खडू हातात धरून ती त्या रेघेकडे बघत बसली.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तो आला तेव्हा काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. तिनं घर सोडायचं ठरवलं होतं, आणि ते त्याला आदल्याच दिवशी कळलं होतं. आम्ही नवा कागद काढायला लागलो तर म्हणाला, “नको, तो पहिलाच द्या.” खिशातून त्यानं खोडरबर काढला आणि ती रेघ पुसायला लागला.

तेलखडू पुसला जात नाही, पसरतो. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्याचा काळा डाग. तो डाग त्याच्या डोंगरावर गेला, तिच्या कोऱ्या बाजूला गेला. मी सांगायला गेले तर मॅडमनी मला डोळ्यांनी थांबवलं. तो घासतच राहिला. शेवटी कागद फाटला. त्यानं वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

“जात नाहीये हो ही,” तो मला म्हणाला. बायकोला नाही, मला.

ती उठली. त्याच्या काळ्या झालेल्या बोटांना तिनं आपला रुमाल दिला. “पुसून घ्या,” म्हणाली, “शर्टाला लागेल.” आणि जिना उतरून गेली. पुढे ते वेगळे झाले. रुमाल परत करायला तो एकदा क्लिनिकमध्ये आला होता, धुऊन, इस्त्री करून. तिचा नवा पत्ता आम्ही त्याला दिला नाही.

*

आमच्या घरचाही एक किस्सा आहे.

आमचे हे इंजिनियर. माझ्या शनिवारांची त्यांना फार गंमत वाटायची. “नवरा-बायकोला रांगोळी शिकवून येते,” असं पाहुण्यांना सांगायचे. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी म्हणाले, बसा मग, आपणही काढू. पोरं क्लासला गेली होती. मी टेबलावर शीट पसरली, त्यांना खडू दिला, मी घेतला.

मी दुसऱ्यांना हजार वेळा सांगितलं असेल, काहीही काढा म्हणून. पण माझा हात खाली जाईना. त्यांचाही जाईना. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पंखा फिरत होता, शीटचा एक कोपरा उडत होता, तो त्यांनी नीट दाबून धरला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. भांडण काही नव्हतं आमचं. तरी मी खडू पेटीत परत ठेवला.

“चहा टाकू?” मी विचारलं.

“टाक,” ते म्हणाले, आणि सुटल्यासारखे उठले.

चहा पिताना मी विचारलं, “का नाही काढलंत?”

“काढलं तर दिसेल ना,” ते म्हणाले.

ती शीट कपाटाच्या खणात अंथरली. रांगोळीचा विनोद मात्र पुन्हा कधी ऐकला नाही.

*

आता जो किस्सा सांगते, त्या दिवशी मात्र मी खरोखर घाबरले होते.

शाहूपुरीतला एक दुकानदार. गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान, बोलणं मऊ, कपडे पांढरेशुभ्र. पहिल्यांदा दोघं आले तेव्हा त्यानं कागदावर इतकं काढलं, इतकं काढलं, की तिला खडू टेकवायला जागाच उरली नाही. म्हणून पुढच्या वेळी मॅडमनी तिला एकटीला बोलावलं. ती आली ती हाताला प्लास्टर घालून. मोरीत घसरले म्हणाली. डाव्या हातानं तिनं एकच गोष्ट काढली. एक पंजा. मोठा, अख्ख्या कागदाच्या मधोमध. बाकी कागद कोरा.

पुढच्या शनिवारी मॅडम हॉस्पिटलमध्ये अडकल्या होत्या. मी एकटीच खडू लावत बसले होते. दार वाजलं नाही, उघडलं. तो आत आला, दार लावलं, आणि कडी घातली.

“मॅडम, ती काय काढून गेली ते जरा बघायचं होतं.”

कागद माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. किल्ली कपाटालाच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हसत होता.

“दाखवता येत नाही,” मी म्हणाले.

“मी नवरा आहे तिचा.”

का कोण जाणे, त्या क्षणी माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला. “बसा आधी. तुमचं राहिलंय आज. तुमचं काढा.” आणि मी कागद पुढं सरकवला.

तो बसला. मलाच खरं वाटेना. त्यानं काळा खडू घेतला आणि कागद भरायला सुरुवात केली. आडवा, उभा, पुन्हा आडवा. टेबल हलत होतं. जोर वाढत गेला आणि मी कडीकडे बघत होते, माझ्यापासून ती किती लांब आहे ते. तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला.

खडूचे दोन तुकडे झाले होते. तो एकदम थांबला. तुकडे उचलून त्यानं तळहातावर घेतले, जोडून बघितले.

“सॉरी हं मॅडम,” तो म्हणाला. “मोडला. मुद्दाम नाही केलं. खरंच सॉरी.”

जिन्यात मॅडमच्या चपला वाजल्या. त्यानंच कडी काढली, त्यांच्यासाठी दार धरलं, आणि नमस्कार करून गेला.

मी खुर्चीत बसले. मॅडमनी पाणी दिलं. “काय म्हणाला?”

“सॉरी म्हणाला.”

“बायकोला?”

“खडूला.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग त्या काळ्या कागदाकडे, आणि तिथूनच मुरगूडला तिच्या भावाला फोन लावला. भाऊ त्याच संध्याकाळी जीप घेऊन आला. ती पुन्हा त्या घरात गेली नाही.

*

आणि हे चंदगडचं जोडपं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कर्नाटकातल्या जंगलातून त्या भागात हत्ती उतरायला लागले होते. भात तुडवायचे, केळी मोडायचे, काजूच्या बागेत शिरायचे. या दोघांच्या घरावर दिवेलागणीच्या वेळी एक हत्ती आला होता. पोरं आजोळी होती, घरात ही दोघंच. हत्तीनं पुढची पडवी पाडली, भाताची पोती ओढली आणि निघून गेला. कुणाला खरचटलंही नाही. बायकोनं गावात सांगितलं की मालकांनी मला कवटाळून कोपऱ्यात धरून ठेवलं म्हणून मी वाचले. लोक त्याचं कौतुक करायचे. आणि तेव्हापासून त्याची झोप गेली होती. शेतात जाईना, जेवेना, बायकोसमोर बसेना. ती कामापुरतं बोलायची, तेवढंच. गावच्या डॉक्टरांनी हे सगळं फोनवर सांगून त्यांना मॅडमकडे पाठवलं होतं.

दोघं एसटीनं आली, भिजलेली. त्यानं छत्री दाराबाहेर ठेवली आणि दाराकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची निवडली.

“त्या दिवशी घरात होता तुम्ही दोघं?” मॅडमनी विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला. जमिनीकडे बघून.

मी कागद पसरला. “ती संध्याकाळ काढा,” मॅडम म्हणाल्या. “नाही जमलं तर राहू दे.”

त्यानं खडू घेतला आणि हत्ती काढला. केवढा मोठा. कागदाचा अर्धा भाग हत्तीच. काढताना त्याच्या घशातून बारीक आवाज येत होता, पण तो थांबला नाही. मग घर काढलं, पडलेली पडवी काढली. घरात एका कोपऱ्यात बायको काढली, गुडघ्यांत डोकं घातलेली. मग खडू हवेतच राहिला. कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. कागदावर सगळे होते, तो नव्हता. शेवटी त्यानं खडू खाली ठेवला.

बायकोनं आपला खडू उचलला. त्या कोपऱ्यात, गुडघ्यांत डोकं घातलेल्या बाईला लागून, तिनं एक माणूस काढला. दोन्ही हात बाईच्या भोवती.

तो ते बघत राहिला.

“म्या तितं नव्हतो,” तो म्हणाला. “म्या मागच्या दारानं पळालतो.”

“ठाव हाय,” ती म्हणाली. “दिसलासा की मला पळताना.”

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

“मग गावात असं का सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“दुसरं काय सांगू? पोरं तुमचं बोट धरून हत्तीच्याच वाटंनं शाळंला जात्यात.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती काही त्याच्याजवळ सरकली नाही. कागद तिनं थोडा आपल्याकडे फिरवला, डोकं तिरकं करून नीट बघितला, आणि खडू घेऊन हत्तीच्या मागं एक लांब रेघ ओढली. टोकाला केस काढले.

“शेपूट ऱ्हायली हुती,” ती म्हणाली.